घरच्या मोटारीचे इंजिन आणि इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक

मोटार परिवहनाच्या तासाला दरवर्षी कोणी ना कोणी कॅडेट विचारतोच, "सर, रेसिंगच्या गाडीत इंजिन कोणते असते?" मुलांची समजूत अशी असते की ते इंजिन कुठल्यातरी परदेशी प्रयोगशाळेत खास बनवलेले असणार. भारतातल्या बऱ्याचशा शर्यतींपुरते उत्तर सोपे आहे. जुन्या स्विफ्टमध्ये जे इंजिन होते, सैन्याच्या जिप्सीत जे होते, त्याच घराण्यातले इंजिन शर्यतीच्या गाडीतही बसवतात. मग खरा प्रश्न पुढे येतो. हेच इंजिन घरी दहा-पंधरा वर्षे बिनतक्रार चालते आणि ट्रॅकवर मात वीस मिनिटांत दगा देऊ शकते, असे का? या पाठात आपण त्याचे उत्तर शोधू. अकरावीचे भौतिकशास्त्र त्याला पुरेसे आहे.

ट्रॅक कुठे आहे

चेन्नईहून बंगळूरु महामार्गाने निघाले की साधारण ४० किलोमीटरवर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा ट्रॅक येथे १९९० मध्ये सुरू झाला. पूर्ण फेरी ३.७१७ किलोमीटरची आणि वळणे १२. त्याआधी या क्लबच्या शर्यती चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम येथे होत. शोलावरमचा ट्रॅक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी. युद्ध संपल्यावर रिकाम्या पडलेल्या धावपट्ट्यांवर इंग्लंडमध्येही असेच रेसिंग वाढले. सिल्व्हरस्टोन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

इरुंगाट्टुकोट्टैची आणखी एक ओळख आहे. ह्युंदाई कंपनीचा भारतातला पहिला कारखाना इथेच आहे आणि १९९८ मध्ये पहिली सँट्रो इथूनच बाहेर पडली. म्हणजे एकाच गावात रोजच्या वापराची इंजिने तयारही होतात आणि तशाच इंजिनांची कसोटीही लागते. मी सैन्यात ईएमईमध्ये वाहनदुरुस्तीत वर्षे काढली. चेन्नईला पोस्टिंग असताना सुट्टीच्या दिवशी मी या ट्रॅकवर जात असे आणि प्रेक्षकांच्या स्टँडपेक्षा पिटमागच्या गॅरेजांपाशी जास्त वेळ थांबत असे. खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या गॅरेजांत पाहिलेले आहे.

रस्त्यावरून ट्रॅकवर आलेली इंजिने

शोलावरमच्या काळात देशात मोटारीच मोजक्या होत्या, त्यामुळे इंजिनेही तीच. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट (पुढची प्रीमियर पद्मिनी), स्टँडर्ड हेराल्ड आणि अॅम्बॅसेडर. हौशी लोक आठवडाभर जी गाडी कचेरीत नेत, तीच रविवारी शर्यतीत उतरवत.

मारुती ८०० आल्यावर चित्र बदलले. कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी या गाडीचे तीन सिलिंडरांचे ७९६ सीसी इंजिन घेऊन एका आसनाची, उघड्या चाकांची छोटी रेसिंग गाडी तयार केली. तिला फॉर्म्युला मारुती म्हणत. स्वस्त, हलकी आणि सुटे भाग गल्लीतल्या दुकानातही मिळणारी. नारायण कार्तिकेयन यांनी आपली पहिली शर्यत अशाच गाडीतून श्रीपेरुंबुदूरच्या या ट्रॅकवर केली आणि पहिल्या तिघांत आले. २००५ मध्ये ते फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले चेन्नईचे करुण चंढोक यांनीही आधी फॉर्म्युला मारुती चालवली होती.

पुढचे इंजिन आपल्या विशेष ओळखीचे. सुझुकीच्या जी-१३ घराण्यातले, चार सिलिंडरांचे, १२९८ सीसी. जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हा तिच्यात ९७० सीसी इंजिन होते; १९९६ पासून तिला हे १२९८ सीसी इंजिन मिळाले. याच घराण्यातले इंजिन एस्टीममध्ये होते आणि २००५ च्या स्विफ्टमध्येही. कोईमतूरला बनलेल्या एलजीबी फॉर्म्युला गाडीत स्विफ्टचे हेच इंजिन बसवतात. ज्या इंजिनाने जिप्सीतून जवानांना सियाचीनच्या पायथ्यापर्यंतच्या रस्त्यांवर नेले, त्याच्याच भावंडावर आज नवखे चालक शर्यत शिकतात.

महाराष्ट्राचा वाटाही आहे. पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगनने २०१० मध्ये फक्त पोलो गाड्यांची स्पर्धा सुरू केली. पुढे व्हेंटो आणि अमिओ आल्या. कोल्हापुरात गो-कार्टचा ट्रॅक आहे आणि तिथले ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक हे तरुण राष्ट्रीय शर्यतींपर्यंत गेले आहेत.

एकच इंजिन, दोन नोकऱ्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रस्त्यावर आणि ट्रॅकवर इंजिनाच्या कामात नेमका काय फरक पडतो? चार मुद्दे लक्षात ठेवा : उष्णता, फेरे, तेल आणि हवा.

पहिला मुद्दा, उष्णता. सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या छोट्या मोटारीला जेमतेम ८ किलोवॅट शक्ती लागते. स्विफ्टचे हे इंजिन पूर्ण जोरात सुमारे ६५ किलोवॅट (८७ अश्वशक्ती) देते. म्हणजे रोजच्या प्रवासात ते आपल्या ताकदीचा आठवा हिस्साच वापरत असते. घाट चढताना किंवा ट्रकला ओलांडताना काही सेकंद पूर्ण जोर लागतो, मग पुन्हा आराम. ट्रॅकवर मात सरळ पट्टा आला की पाय तळापर्यंत, आणि असे फेरीमागून फेरी. पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण ३० टक्केच कामी येते असे धरा. मग ६५ किलोवॅट मिळवायला सुमारे २१७ किलोवॅट उष्णता जाळावी लागते आणि उरलेली १५० किलोवॅटच्या वर उष्णता सायलेन्सर, रेडिएटर आणि तेल यांच्या वाटे बाहेर काढावी लागते. चेन्नईच्या उन्हात रेडिएटरवर येणारी हवाच ३५ अंशांची असते. म्हणून पिटमध्ये मेकॅनिक पहिले बोट रेडिएटरच्या होजपाइपवर ठेवतो. एक सैल क्लिप, आणि हेड गॅस्केट गेलेच म्हणून समजा.

दुसरा मुद्दा, फेरे. या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर आहे. मिनिटाला ६००० फेरे असताना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटरच्या थोडा वर जातो. पण पिस्टनला वेग मारत नाही, थांबणे मारते. प्रत्येक फेऱ्यात तो वर एकदा आणि खाली एकदा थांबतो व उलटा फिरतो. त्या क्षणीचे त्वरण काढायला वर्तुळाकार गतीचे सूत्र वापरा : त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. त्रिज्या म्हणजे स्ट्रोकचा अर्धा भाग, ०.०३७७५ मीटर. ६००० फेऱ्यांना कोनीय वेग सेकंदाला ६२८ रेडियन. कनेक्टिंग रॉडच्या लांबीचा परिणाम सोडून दिला तर त्वरण येते सुमारे १४,९०० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ३०० ग्रॅम धरले तर तेवढ्याशा तुकड्याला थोपवायला रॉडला साडेचारशे किलोच्या वजनाइतका ताण सोसावा लागतो, तोही मिनिटाला ६००० वेळा.

आता फेरे ७५०० करा. फेरे २५ टक्क्यांनी वाढले, पण सूत्रात वर्ग असल्याने बल ५६ टक्क्यांनी वाढले. साडेचारशेचे सातशेच्या वर गेले. "सर, पाचशे-हजार फेरे जास्त मारले तर काय बिघडते?" असे विचारणाऱ्याला मी हे गणित फळ्यावर सोडवायला लावतो.

इथे एक महत्त्वाची गोष्ट समजून घ्या. आजच्या इंजिनांत फेरे मर्यादेबाहेर जाऊ नयेत म्हणून इंधन तोडणारी व्यवस्था असते. पण चालकाने वेगात असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर टाकला, तर इंजिनाला पेट्रोल फिरवत नसते, चाके फिरवत असतात. तेव्हा ती व्यवस्था काहीच करू शकत नाही. व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, पिस्टन त्यांना धडकतो आणि इंजिन तिथेच संपते. यंत्रातले प्रत्येक संरक्षण कुठल्या दिशेने राखण करते आणि कुठली दिशा उघडी राहते, हे चालवणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे.

तिसरा मुद्दा, तेल. माझ्या मते सर्वांत जास्त इंजिने यातच जातात. इंजिनाच्या तळाशी संपमध्ये तेल साठते आणि पंपाची नळी ते तिथून ओढून बेअरिंगपर्यंत पोहोचवते. क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नाही. मध्ये केसापेक्षाही पातळ असा तेलाचा थर असतो, त्यावर तो तरंगतो. आता पाण्याने अर्धी भरलेली थाळी हातात धरून वळणावर पळा. पाणी बाहेरच्या कडेला चढते. तेलाचेही तसेच होते. रस्त्यावरच्या साध्या वळणावर बाजूचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पाव हिश्शाइतके असते, तेव्हा तेलाचा पृष्ठभाग सुमारे १४ अंश कलतो. ट्रॅकवर, समजा ७० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी १०० किलोमीटरने गेली, तर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या या सूत्राने त्वरण ११ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. म्हणजे गुरुत्वाकर्षणापेक्षाही जास्त. तेल ४५ अंशांच्या पलीकडे कलंडते. वळण लांब असेल तर नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दोन सेकंद पुरतात.

एका संघाच्या मेकॅनिकने असे गेलेले बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवले होते. वरचा मऊ थर निघून खालचा तांबूस धातू उघडा पडला होता आणि कडा जळून निळी झाली होती. तो म्हणाला, "डॅशबोर्डवरचा दिवा लागला होता, पण वळणावर दिवा कोण बघतो?" उपाय साधे असतात. संपमध्ये आडव्या पट्ट्या आणि झडपा बसवून तेल नळीभोवती अडवून धरायचे. मोठ्या स्पर्धांच्या गाड्यांत तेल वेगळ्या टाकीत ठेवून पंपाने फिरवतात, म्हणजे कलंडायला संपमध्ये तेलच उरत नाही.

चौथा मुद्दा, हवा. इंजिनाची ताकद शेवटी ते किती हवा आत घेते यावर ठरते, कारण हवेच्या प्रमाणातच पेट्रोल जळते. चार स्ट्रोकचे १२९८ सीसी इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. ६००० फेऱ्यांना मिनिटाला जवळजवळ ३९०० लिटर हवा लागते. जीव तोडून धावणारा कॅडेट मिनिटाला सुमारे १०० लिटर हवा घेतो. म्हणजे हे छोटे इंजिन ३९ धावत्या कॅडेटांचा श्वास एकटे घेते. ताकद वाढवणारे कारागीर जे काही करतात, म्हणजे हेडमधल्या वाटा गुळगुळीत करणे, कॅमशाफ्ट बदलणे, टर्बो बसवणे, ते सर्व याच श्वासासाठी. पण श्वास वाढला की उष्णता वाढते, फेरे वाढतात, तेलावरचा भार वाढतो. पहिले तीन मुद्दे सांभाळल्याशिवाय चौथ्याला हात लावणारा माणूस इंजिन बनवत नसतो, भंगार बनवत असतो.

साधे इंजिनच का निवडतात

खर्च हे एक कारण आहेच. दुसरे कारण समानतेचे. एकाच बनावटीच्या स्पर्धांत आयोजक इंजिनांना सील लावतात. सील तुटलेले आढळले तर निकाल रद्द. सर्वांची ताकद सारखी झाली की फरक उरतो तो चालवणाऱ्याचा : कुठे ब्रेक मारला, गिअर कधी बदलला, टायर किती जपले. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

ही कल्पना आपल्याकडची नव्हे. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये फॉर्म्युला फोर्ड सुरू झाली तीच फोर्ड कॉर्टिना या घरगुती मोटारीच्या इंजिनावर. इरुंगाट्टुकोट्टैला धावणारी एमआरएफची १६०० सीसी फॉर्म्युला गाडीही फोर्डच्या इंजिनावर चालत आली आहे. आणि साध्या इंजिनाची मजल कुठवर जाते म्हणाल, तर १९८३ मध्ये नेल्सन पिके ज्या ब्राबम गाडीतून फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले, तिच्या टर्बो इंजिनाचा ब्लॉक बीएमडब्ल्यूच्या १९६० च्या दशकातल्या रस्त्यावरच्या मोटारीवरून घेतलेला होता. पाया भक्कम ओतलेला असेल तर त्यावर मोठी इमारत चढते.

फर्स्ट परेड आणि स्क्रुटिनी

सैन्यात गाडी बाहेर काढण्यापूर्वी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड करतात, हे तुम्ही शिकला आहात. तेल, पाणी, बॅटरी, टायर, नट-बोल्ट, गळती. शर्यतीपूर्वीच्या तपासणीला स्क्रुटिनी म्हणतात. तिथे अधिकारी सुरुवात ताकदीपासून करत नाहीत. आधी पाहतात रोल केज, खांद्यांवरून आणि कमरेभोवती बांधायचा पट्टा, अग्निशामक, बाहेरूनही बंद करता येणारा मुख्य विजेचा स्विच, हेल्मेट, आग न लागणारा पोशाख. हे सर्व ठीक असेल तरच गाडी ट्रॅकवर जाते. ट्रॅकवर प्रत्येक वळणापाशी झेंडे घेतलेले मार्शल उभे असतात आणि रुग्णवाहिका सज्ज असते.

एवढे करूनही धोका पूर्ण संपत नाही. ८ जानेवारी २०२३ रोजी याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेतल्या सलून गाड्यांच्या शर्यतीत के. ई. कुमार या ज्येष्ठ चालकाचा अपघाती मृत्यू झाला. ते ५९ वर्षांचे होते आणि त्यांच्या पाठीशी अनेक वर्षांचा अनुभव होता. मदत हाताशी होती, तरीही ते वाचले नाहीत. खबरदारी धोका कमी करते, त्याला शून्यावर आणत नाही. कवायतीच्या मैदानावर आणि फायरिंग रेंजवर आपण हेच शिकतो.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली आणि वडिलांच्या गाडीचा सायलेन्सर बदलू या, चिप टाकू या, असा हट्ट धरला, तर रागावून विषय संपवू नका. वरचे चार मुद्दे त्यांना विचारा. ताकद वाढवल्यावर ब्रेक कोण वाढवणार? तेलाचे काय? रोल केज कुठे आहे? आणि कायदाही सांगा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार १८ वर्षांखालील मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्या मुलाला एनडीएला जायचे आहे त्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

आवड खरी असेल तर वाटही खरी आहे. गो-कार्टपासून सुरुवात, मग राष्ट्रीय महासंघ एफएमएससीआयचे स्पर्धा-लायसन्स, मग सील लावलेल्या साध्या इंजिनाची गाडी. ज्याला चालवण्यापेक्षा यंत्रात रस आहे, त्याला मेकॅनिक आणि अभियंता म्हणून या गॅरेजांत मान आहे. ईएमईतही आहे.

स्वाध्याय

१. १२९८ सीसी इंजिनात चार सिलिंडर आहेत आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास काढा.

२. इरुंगाट्टुकोट्टैची ३.७१७ किलोमीटरची फेरी सरासरी ताशी १२० किलोमीटरने पूर्ण केली तर किती सेकंद लागतील? या वेळात इंजिन सरासरी ६००० फेऱ्यांवर असेल तर क्रँकशाफ्ट किती वेळा फिरेल?

३. हवेचे तापमान १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेले, दाब तोच राहिला, तर हवेची घनता किती टक्क्यांनी कमी होईल? इंजिनाच्या ताकदीवर काय परिणाम होईल?

४. एमटी शेडमधल्या गाडीचा तेलदाबाचा दिवा वळणावर क्षणभर लागून विझतो. संभाव्य कारणे क्रमाने लिहा. पहिले कारण तपासायला कोणते हत्यार लागते? (सूचना : ते बॉनेट उघडल्यावर समोरच असते आणि पुसायला फडके लागते.)

उत्तरे वहीत लिहून शनिवारी एमटी शेडमध्ये आणावीत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर गाडीवरच करून दाखवायचे आहे.